नाशिक ते कोल्हापूर, विमानाने एक तास

आमच्या घरात लेक कुठे द्यायची याचं एकच माप होतं. बापाने सकाळच्या एसटीने निघावं, लेकीला डोळे भरून बघावं आणि संध्याकाळच्या भाकरीला आपल्या घरी परत यावं. त्याच्या पुढचं स्थळ नको. कारण लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नाही, तिथलं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नियम. काही घरांत नातवंड झालं की तो सैल होतो. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तेवढीही फट ठेवली नव्हती.

माझी आत्या सटाण्याकडे दिलेली होती. आप्पा तिला भेटायला जात तेव्हा फडक्यात स्वतःची भाकरी बांधून नेत. गावाबाहेर चिंचेखाली बसून खात, स्टँडवरच्या नळाचं पाणी पीत आणि मग बहिणीच्या दारात जाऊन कोरडेच गप्पा मारत बसत. लहानपणी एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. आत्याने माझ्यापुढे शिरा ठेवला, आप्पांपुढे काहीच ठेवता येईना म्हणून ती नुसती पदर चाळवत उभी राहिली. शेवटी न राहवून म्हणाली, "भाऊ, मना घरनं पानी कडू शे का?" आप्पा हसले आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. परतताना मला म्हणाले, "तुला तर याच्याबी जवळ देईन."

ते मी गाठीला बांधून ठेवलं. मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा होता. गुलाब, झेंडू, हंगामात शेवंती. उजाडायच्या आत तोडणी, मग ओट्यावर बसून हार, मग आप्पा सायकलला करंड्या लावून फूलबाजारात. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे ओट्यावर आप्पांच्या शेजारी सुई घेऊन बसायची जागा माझी. कॉलेजला जाईपर्यंत मी आणि ते मिळून हार ओवायचो आणि त्यातच आमचं सगळं बोलणं व्हायचं. मला स्थळं येऊ लागली तेव्हा मी साफ सांगितलं, आप्पांना येऊन जाता येईल तिथेच मी लग्न करीन. सोलापूरचं आलं, नको म्हटलं. नागपूरचं आलं, तेही नको. आप्पा लोकांना कौतुकाने सांगत, "आमची बाई लय हट्टी हाय." त्या हट्टाचा त्यांना अभिमान आहे असं मी समजत होते.

मग दादाने कोल्हापूरचं स्थळ आणलं.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर होता. तिथे कोल्हापूरच्या फौंड्रीतून एक तरुण काही महिन्यांसाठी कामाला आला, दोघांची मैत्री झाली, आणि त्याच्या घरच्या जत्रेला म्हणून दादा कोल्हापूरला गेला. तिथून परतला तो माणसांतून उठल्यासारखा. त्या मित्राची बहीण त्याला आवडली होती. त्यांच्या घरच्यांचंही म्हणणं पडलं की मुलगी देऊ, पण तुमची मुलगी आम्हाला द्या. साटंलोटं. त्या तरुणाला मी पाहिलं होतं, आमच्या ओट्यावर बसून त्याने दोनदा चहा प्यायला होता. माणूस सरळ होता, बोलायला मोकळा होता. मला नाव ठेवायला काही नव्हतं. फक्त कोल्हापूर होतं.

"दादा, बारा तास लागतात एसटीला," मी म्हटलं. "आप्पा कधी येणार?"

दादा आत गेला आणि माझ्याच जुन्या दप्तरातला नकाशासंग्रह आणि फूटपट्टी घेऊन आला. ओट्यावर झेंडूचा ढीग बाजूला सारून त्याने महाराष्ट्राचं पान उघडलं. नाशिकच्या ठिपक्यावर पट्टीचं टोक ठेवलं आणि कोल्हापूरपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली. खालच्या कोपऱ्यातल्या प्रमाणाने गुणाकार केला. "हे बघ. सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर. एसटी घाट चढते, गावागावाला थांबते, म्हणून बारा तास. विमान कशाला थांबतंय? ओझरला चढायचं, कोल्हापूरला उतरायचं. एक तास."

"विमान आहे?"

"ओझरला धावपट्टी नाय का? कोल्हापूरला उजळाईवाडीला धावपट्टी नाय का? दोन्हीकडं धावपट्ट्या असल्यावर मधे विमान नसंल होय?"

आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. पण तेव्हा मळ्यावरून ओझरकडे उतरणारी विमानं मी लहानपणापासून बघत होते. ती तिथल्या विमान कारखान्याची की लष्कराची की माणसं नेणारी, हे खालून कुणाला कळतं? शिवाय पट्टी होती, प्रमाण होतं, गुणाकार होता. भूगोलात मला चांगले गुण असायचे. खोटं असं पट्टीने आखून कुणी सांगत असेल हे डोक्यातच आलं नाही.

मी आप्पांकडे पाहिलं. ते हार ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "तासाचंच हाय तर काय मग. सकाळी जाईन, बाईला बघीन, संध्याकाळच्या भाकरीला परत." आणि मी हो म्हटलं. दादाच्या पट्टीवर नाही, आप्पांच्या त्या वाक्यावर.

लग्नाचं वऱ्हाड एसटी ठरवून गेलं. पुण्याच्या पुढे सगळे पेंगायला लागले तेव्हा मी दादाला चिडवलं, "काय रे, विमान कुठाय?" तो म्हणाला, "एवढं वऱ्हाड विमानात मावतं होय?" सगळी गाडी हसली, मीही हसले. आप्पांचं हसणं तेवढं मला आठवत नाही. ते खिडकीबाहेर बघत होते.

दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली. दादाची बायको माझी वहिनी झाली आणि नणंदही, मीही तिची तशीच. ती माझ्या खोलीत नाशिकला राहायला गेली आणि मी तिच्या खोलीत कोल्हापूरला. आणि आप्पांची एक गंमतच झाली. मुलाचे वडील म्हणून त्या घरात त्यांना पंगतीत मानाचं पान होतं, आणि मुलीचे वडील म्हणून त्याच घरात पाणी वर्ज्य. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, व्याही म्हणून जेवा, बाप म्हणून उपाशी राहा." ते म्हणाले, "दोन्हीत लेकीचं जड भरतं बाई." आणि लग्नाच्या दिवशीसुद्धा ते फडक्यातली भाकरी घेऊन मांडवाच्या मागे गेले. मला त्यांचा इतका उमाळा आला की नव्या साडीतच मी तिकडे धावले.

महिनाभराने मी नवऱ्याला विचारलं, नाशिकचं विमान कुठल्या कुठल्या वारी असतं. त्याने ताटातून मान वर केली. "नाशकाला? इथनं? अगं, इथनं मुंबईला एखादं जातंय, तेबी चार दिस चालतंय न् बंद पडतंय. नाशकाला कुठलं विमान? कुणी सांगितलं तुला?"

"दादाने."

तो हसला नाही. हातातला घास त्याने ताटात ठेवला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मी त्याच्या चेहऱ्यावरच वाचलं, आणि पुढे आयुष्यभर मला त्याचा आधार वाटला तो तिथपासून. पण त्या संध्याकाळी मी परसात जाऊन खूप रडले. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, आणि माझं माहेर माझ्याच भावाने फूटपट्टीने पुसून टाकलं होतं.

पहिल्या दिवाळीला दादा मुराळी म्हणून मला न्यायला आला. एसटीने. पाय सुजलेले, शर्टाला केळ्याचे डाग. मी दारातच विचारलं, "एका तासात आलास का?" तो ओशाळला. "होणार आहे गं. बोलणी चालू आहेत म्हणतात." माझ्या सासूबाईंसमोर मी पुढे काही बोलले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

दर दिवाळीला ते "होणार आहे" ऐकायची मला सवय झाली. कधी सर्व्हे झालेला असे, कधी धावपट्टी वाढणार असे, कधी कुणा पुढाऱ्याने भाषणात शब्द दिलेला असे. भाऊबीजेला मी दादाला ओवाळायची, पण त्याच्याकडे न बघता. राखी पोस्टाने पाठवायची, सोबत दोन ओळी लिहायचं मात्र बंद केलं. दादाने ते एकदाही बोलून दाखवलं नाही. वहिनी मात्र माझ्याशी नेहमीसारखीच वागत राहिली. तिचे आईवडील, म्हणजे माझे सासूसासरे, नाशिकला जाऊन तिच्याकडे पंधरा-पंधरा दिवस राहून यायचे. त्यांच्याकडे असला काही नियम नव्हता. सासूबाई नाशिकच्या द्राक्षांची टोपली घेऊन परतायच्या आणि मी ती फळं धुऊन सगळ्यांना वाटायची. अंतर तेवढंच होतं, तिचं आणि माझं.

आप्पांची मात्र मला फार दया यायची. मनात मी आम्हा दोघांना एका बाजूला ठेवलं होतं आणि दादाला दुसऱ्या. त्यांनाही फसवलं होतं, मलाही. एसटीडी बूथमधून फोन लावला की मी विचारायची, "आप्पा, कधी येता?" आणि पलीकडून तेच यायचं, "काय करू बाई, विमानच नाय. मुक्काम पडतो." माझा मुलगा झाला तेव्हा हेच. त्याचं जावळ काढलं तेव्हा हेच. माझं ऑपरेशन झालं, आठ दिवस दवाखान्यात होते, तेव्हाही ते फोनवर रडले आणि म्हणाले, "मुक्काम पडतो." मीच त्यांची समजूत घालायची की आप्पा, तुमचा काय दोष. फोन ठेवून बाहेर येताना दादाच्या नावाने बोटं मोडायची.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत कधीतरी खरंच ओझरहून मुंबईला छोटं विमान सुरू झालं. कोल्हापूरहूनही मुंबईचं चालू होतं. आम्ही नुकतंच घर बांधलं होतं, वास्तुशांत ठरली होती. मी नवऱ्याला घेऊन तिकिटं काढणाऱ्याच्या ऑफिसात गेले. म्हटलं, सकाळी नाशिक, मग मुंबई, मग कोल्हापूर, पूजा बघायची आणि परत. त्याने संगणकावर बराच वेळ बघितलं. मुंबईला उतरल्यावर पुढच्या विमानाची वाट बघण्यातच अर्धा दिवस जाणार होता. कोल्हापूरला पोचेपर्यंत संध्याकाळ, आणि परतीचं विमान दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही. "त्यापेक्षा लक्झरीनं बोलवा की पाहुण्यांना," तो म्हणाला. सरळ रेषेतला एक तास मुंबईला वळसा घालून जाता-येता तीन दिवसांचा झाला होता.

मी तरीही आप्पांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, आयुष्यात एकदा. ते म्हणाले, "बाई, मुक्काम पडतो ना." वास्तुशांत झाली. दादा-वहिनी आले, चार दिवस राहिले. आप्पांनी वहिनीबरोबर दारासाठी शेवंतीचं तोरण पाठवलं होतं. कोल्हापूरला येईपर्यंत ते काळं पडलं, तरी मी ते बांधलं.

त्याच वर्षीच्या दिवाळीत मी नाशिकला गेले. दसरा-दिवाळी म्हणजे आमच्या घरी झेंडूचा पाऊस. सकाळी ओट्यावर मी आणि वहिनी हार ओवत बसलो होतो, आप्पा मळ्यात होते. एक भला मोठा गुलाबाचा हार वेगळा टांगलेला होता, तर मी विचारलं, हा कुणाचा.

"ओझरचा," वहिनी म्हणाली. "कुणीतरी मोठं यायलंय उद्या विमानानं. आप्पा घेऊन जातील गेटवर. तिथली ऑर्डर त्यांचीच असत्या नव्हं."

"ओझरला आप्पा जातात? कधीपासून?"

"अय्या, तुम्हाला ठावं नाही? तुमच्या-माझ्या लग्नाच्या आधीपासनं. पुढारी येऊ देत न्हाईतर साहेब, हार आप्पांचा. गेटवरचे शिपाई चहा पाजत्यात त्यास्नी. कुठलं विमान कधी येतंय, कुठनं येतंय, सगळं तोंडपाठ असतंय त्यांना. परवाच मला सांगत होते, तिथनं माणसांचं विमान असं कधी धड चाललंच न्हाई म्हणून."

वहिनीने पुढचं फूल सुईत घेतलं. तिच्या लक्षातही आलं नाही की आपण काय बोललो. मला आठवायला लागलं. मी शाळेत-कॉलेजात असताना आप्पा कधीकधी बाजाराच्या उलट्या दिशेने जायचे. विचारलं तर म्हणायचे, "ऑर्डर हाय." हार कुठे जातो हे आमच्या घरात कुणी विचारत नसे. लग्न, सत्कार, मयत, फुलं तीच लागतात.

दादाने नकाशावर पट्टी ठेवली तेव्हा आप्पा हार ओवत होते. मान वर केली नव्हती. ओझरहून कोल्हापूरला विमान जात नाही हे त्या ओट्यावरच्या एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच माणसाने म्हटलं होतं, सकाळी जाईन, बाईला बघीन. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि मी इतकी वर्षं चोर समजून दुसऱ्यालाच झोडपत होते.

आप्पा मळ्यातून आले, हातपाय धुतले आणि आपल्या जागी बसून सुई हातात घेतली. वहिनी चहा करायला आत गेली. मी विचारलं, "आप्पा, विमान नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मला कुठलं विमान असं विचारलं नाही.

"व्हतं," ते म्हणाले.

"मग हो कशाला म्हणालात?"

"तू कशालाच हो म्हणत नव्हती. पोरगा लाखात एक. दादाचा जीव तिकडं अडकला व्हता. तू नाय म्हटली असती तर दोन्ही लग्नं मोडली असती." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "पट्टी दादाची, पण सांग म्हणून मीच म्हटलं व्हतं त्याला. तुझा माझ्यावर विश्वास, म्हणून."

"आणि नंतर? नंतर एसटीने यायचं होतं. दवाखान्यात होते मी. एक दिवस."

"कुठल्या तोंडानं येणार? तू दारातच इचारलं असतं, विमान कुठंय म्हणून. त्यापेक्षा म्हटलं नेमाचं नाव बरं." पुढचं फूल ओवून म्हणाले, "दादावर तू लय राग धरला. त्याला मीच सांगितलं व्हतं, गप ऱ्हा. माझं नाव सांगू नको म्हणून."

माझ्या हातातला हार तसाच राहिला.  दादाने खोटं सांगितलं ते एकदा. आप्पांनी प्रत्येक फोनला सांगितलं, आणि प्रत्येक फोनला मी त्यांची समजूत घातली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि ज्या नियमासाठी आत्या त्या दारात पदर चाळवत उभी राहायची, जो नियम मी देवासारखा मानला, तो त्यांनी माझ्यापासून तोंड लपवायला वापरला होता.

त्यांनी हातातला हार पुरा केला. मग सुई खाली ठेवून म्हणाले, "बाई, येतो मी आता तुझ्यासंगट. एसटीनं. चार दिस राहतो. तुझ्या हातचं जेवतो. कसला नेम न् काय."

हे वाक्य ऐकायला मी सगळा संसार काढला होता. वास्तुशांतीला नव्या घराचा उंबरा मी दोनदा धुतला होता, ते येतील म्हणून. आणि ते वाक्य आलं तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली. म्हणजे नियम मोडता येत होता. पहिल्या वर्षीही मोडता आला असता.

"नको आप्पा," मी म्हटलं. "मुक्काम पडेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनी चहा घेऊन आली, तो त्यांनी घेतला. मी माझा हार पुरा करून टांगला आणि आत गेले. त्या वर्षी भाऊबीजेला मी दादाला डोळे भरून बघत ओवाळलं. तो गोंधळून गेला.

त्यानंतर आप्पा सहा वर्षं होते. दिवाळीत मी जायची, त्यांचं औषधपाणी बघायची, ओट्यावर शेजारी बसून हारही ओवायची. दर वेळी निघताना ते विचारायचे, "येऊ का बाई?" मी दर वेळी तेच उत्तर द्यायची. माझ्या घरचं पाणी ते कधीच प्यायले नाहीत. आधीची वर्षं त्यांच्या नियमाने, नंतरची माझ्या.